पीळ

अठ्ठावीस वर्षं, हन्ना, दर रविवारी
मी तुला मुरारच्या चर्चच्या फाटकाशी सोडतो,
स्कूटर कडुनिंबाखाली लावतो
आणि समोरच्या गाड्यावर बेडई खात थांबतो.
लग्नाआधीच ठरलं होतं तसं,
किल्ल्याच्या उतरणीवर, तुझ्या बाबांसमोर:
मी आत येणार नाही, तू ओढणार नाहीस.
"थांबणाऱ्यालाही ऊन लागतंच, सरंजामे,"
एवढंच म्हणाले होते ते.
मला तो टोमणा वाटला.
माझी मावशी तर दोघांनाही धरून म्हणायची,
सुंभ जळेल, पण यांचा पीळ जायचा नाही.

या जानेवारीत तुझा गुडघा बदलला.
धुकं असं, की चार दिवस
किल्ला शहरात नव्हता.
पलंगावरून म्हणालीस, वेदीचं कापड तेवढं पोचव.
खळ दिलेलं, इस्त्रीचं, जुन्या साडीत गुंडाळलेलं.
फाटकाशी कुणाच्या तरी हाती देऊन परतणार होतो.
फाटकाशी कुणी नव्हतं.
दारात बूट काढायचे की नाही,
हे अठ्ठावीस वर्षांत विचारलंच नव्हतं तुला.

शांतवन कसबे, रेल्वेतले निवृत्त गार्ड,
कापड पुढे देऊन आले आणि बाकावर सरकले.
सरकले, बोलले काहीच नाहीत.
माणूस सरकला की बसावं लागतं.
हा नियम मी कधी शिकवला नाही,
पण तो मोडताही येत नाही.

मग सगळे गुडघ्यांवर.
मफलर, कानटोप्या, कुणाचा खोकला,
आणि शंभरएक माणसं एका आवाजात म्हणाली
की आम्ही चुकलो.
कुणाचंच बोट कुणाकडे नव्हतं.

छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत हेच ओरडत आलो मी:
वाचन लिहा, शेजारी त्रुटी लिहा,
अधिक-उणे किती, ते लिहा.
जो काटा जरासुद्धा थरथरत नाही
तो बिघडलेला असतो, पोरांनो.
पोरं तो रकाना कोरा सोडायची.
मीही सोडला, घरी.
तुझी आई गेली त्या रात्री
तू प्रार्थना मागितली नव्हतीस,
नुसता हात धर म्हणाली होतीस,
आणि मी तत्त्वाचं काहीतरी बोललो होतो.

ओठ हलले माझे.
कुणाशी, ते माहीत नाही.
ते माहीत असल्याचं सोंग इथे कुणी मागितलंही नाही.

नंतर सगळे उभे राहून
आपापला विश्वास सांगू लागले, तेव्हा मात्र
मी बाकाखाली रुमाल शोधत राहिलो.
न घेतलेलं वाचन मी वहीत लिहीत नाही.

बाहेर कल्लूनं विचारलं, "मास्साब, आज अंदर?"
म्हटलं, "ठंड थी."

घरी तू विचारलंस, प्रवचन कशावर होतं?
पंख्यावर दोन चिमण्या होत्या, मी म्हणालो.
म्हणजे झोपलास.
नाही.
गुडघे टेकलेस?
बाक अरुंद आहेत तुमचे.
तू हसलीस, टाके ओढले गेले,
आई गं, म्हणत पुन्हा हसलीस.
रकान्याचं मात्र सांगितलं नाही तुला.
सांगेन.

आज फेब्रुवारी. गच्चीत ऊन आहे, किल्लाही आहे.
तू खुर्चीत, कापडाचं एक टोक तुझ्या मुठीत,
दुसरं माझ्या. द्राक्षरसाचा डाग
पुरता गेलेला नाही.
तू एकीकडे पिळतेस, मी उलटा.
दोघांनी एकाच दिशेला फिरवलं
तर कापड नुसतं गरगरतं,
पाणी आत तसंच.
"फिजिक्स," तू म्हणालीस, मला चिडवायला.
"कृपा," मी म्हणालो, तुला चिडवायला.
पाणी सुटलं, गार,
बरंचसं माझ्याच बुटांवर.