ओळंबा

बिचिको सदुसष्ट वर्षांचा. नखांत अजून चुना असावा असे हात.
कुताइसीच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
मंगळवारी सातला येतो, टोपी गुडघ्यावर ठेवतो
आणि दोन बोटांनी सी लिहितो,
एकेक अर्धविराम विटेसारखा ठोकून बसवत.
बिटमॅपच्या ओळी खालून वर रचतात
हे मी सांगितलं तेव्हा चकित झाला नाही.
"मग दुसरं कसं रचणार?"

आज त्याचं चित्र कललंय.
बंद कारखान्याची चिमणी, एक्केचाळीस पिक्सेल रुंद.
दुप्पट करायला घेतली तर
पायथा जागच्या जागी, आणि वर जाताना
थराथराने सरकत गेलेली,
विटांचा लाल कुठे हिरवा, कुठे निळा.
"मीच बांधली," तो म्हणाला. "इतकी कललेली नव्हती."

कंपायलर गप्प. साधी कुरकुरही नाही.
लूप वाचला, बोट ठेवून, दोनदा.
मग मी म्हटलं, छाप. प्रत्येक ओळीला भर किती घालतोस, छाप.
पडद्यावर एक, एक, एक, एक,
थांबेचना.

ओळ चारच्या पटीत संपावी लागते, मी सांगू लागले,
कमी पडेल तिथे शून्य भरायची
"ठाऊक आहे. अर्धी वीट."
कानामागची पेन्सिल काढून पावाच्या पिशवीवर मांडलं त्याने:
एक्केचाळीस त्रिक एकशे तेवीस, भर एक.
ब्याऐंशी त्रिक दोनशे सेहेचाळीस, भर
दोन.
बराच वेळ पिशवीकडे बघत राहिला.
"म्हणजे भिंत नवी आणि माप जुन्या भिंतीचं."
मग स्वतःलाच अशी शिवी हासडली
की मी खिडकीबाहेर रिओनी नदी बघितली.

एक ओळ कापली,
रुंदी दुप्पट होते तिच्या खाली नेऊन चिकटवली.

चिमणी उभी राहिली. लाल परत लाल.
तरी शेंड्याशी, अगदी जराशी, डावीकडे.
मी पुन्हा शोधायला बसले. फाइलमध्ये मागे मारलेली उडी,
गुणाकार, शेवटच्या थराचा काठ.
साडेआठ. त्सियाला किल्ल्या वाजवत दारात.
बिचिकोने टोपी घातली.

"राहू दे ते," म्हणाला.
"ती आकड्यांची चूक नाही.
त्या आठवड्यात ओळंबा
माझ्या मेव्हण्याच्या हातात होता."