दवणा, बाटली नंबर एकशे चौदा

आडनाव अत्तार,
आणि कामावर अत्तर लावायला बंदी.
साबणसुद्धा बिनवासाचा.
कुपवाडच्या एमआयडीसीत, ऑइल मिलच्या मागं,
गेटबाहेर पेंडीचा वास दिवसभर उभा असतो
आणि आत काहीच नाही.
स्पिरिट तेवढं. त्याला आम्ही वास म्हणत नाही.

मी दवणा कापते.
नखाएवढं पान, त्याचे चार तुकडे.
ज्योतीतून काढलेला चिमटा गार होईतो
श्वास धरायचा,
मग जेलीवर अलगद ठेवायचं,
तान्ह्याला पालथं घालावं तसं.
झाकण. टेप. तारीख.
महिन्यानं तुकडा पान राहत नाही:
फिकट, भुसभुशीत, शिळ्या खव्यासारखा गोळा
सुटल्यासारखा वाढत जातो.

पाटणे सर म्हणाले, हाच वाढवू.
रान नको, पाणी नको,
कपाटात एकरभर दवणा.
चारशे बाटल्या झाल्या.
गोळे काचेच्या भांड्यात उकळले,
वाफ नळीतून फिरून, थंड होऊन उतरली:
नुसतं पाणी.
सरांनी हुंगलं. मी हुंगलं.
ओल्या गोणपाटाचा वास,
तोही असल्यासारखा.

घरी अब्बांना सांगितलं.
मिरजेच्या उरुसात चाळीस वर्षं
अत्तराचे फाये विकलेला माणूस,
सर्दी झाली की दुकान बंद ठेवायचा.
म्हणाले, फार लाड चाललेत त्याचे.
आणि भाकरी मोडत राहिले.

यातून मी काही शिकले असं नाही.
सोमवारच्या घाईत हार्मोन अर्धंच पडलं,
एक बॅच चुकली, एवढंच.
ओरडा बसेल म्हणून
खालच्या फळीवर सरकवून दिली, विसरले.

एकशे चौदामध्ये कोंब होता.
मग पान, हरभऱ्याच्या डाळीएवढं,
राखाडी लव असलेलं.
भिंगाखाली त्या लवेत बारीक बारीक फुगे,
टम्म, गच्च,
वरून कातडी ताणलेली.
तेल तिथं राहत होतं.
गोळ्याला कुठली आली घरं!

अशा दोनशे बाटल्यांचं मिळून
नळीच्या टोकाला पिवळसर
एक थेंब, खाली पडायला तयार नसलेला.

कापसावर टिपून घरी आणला,
डबीत, रुमालात, पर्समध्ये,
चोरल्यासारखा.
अब्बांनी आधी डोळे मिटले.
बराच वेळ.
कच्चं आहे अजून, म्हणाले,
आणि फाया कानात खोवून
बातम्या ऐकायला बसले,
दुसऱ्या कानानं.