गॅलनमागे मैल

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात मी लोकांचे श्वास मोजते.
नळी ओठांत, चिमटा नाकाला,
फुंका, फुंका, अजून, अजून थोडं... झालं.
कागदावर डोंगर उमटतो.
तो घेऊन माणूस खुशीत बाहेर पडतो
आणि बीकन हिलच्या चढावर
तिसऱ्या दिव्याचा खांब धरून उभा राहतो.

म्हणून शोरूममधला पोरगा
"गॅलनला अठ्ठावन्न मैल, मॅडम" म्हणाला
तेव्हा मी विचारलं, कुठे?
चाचणीत, म्हणाला.
चाचणीत सगळेच धडधाकट असतात, बाळा.

तरी घेतली. लाल. तीन सिलिंडर, जेमतेम एक लिटर,
आणि वर टर्बो:
आपण टाकलेल्या श्वासावर चाक फिरवायचं,
त्या चाकानं पुढचा श्वास कोंबून घ्यायचा.
असा पेशंट आला तर
आमचे डॉक्टर रजा रद्द करतील.

दारात निरंजनची जुनी होतीच. अठराशे सीसी.
तिला कुणी कोंबत नाही,
ओढवेल तेवढी हवा ओढते,
चढावर धापा टाकते आणि त्याची लाज बाळगत नाही.
लावतेस पैज? तो म्हणाला.

रस्ता एकच. घर, रिपंडन, माळ ओलांडून ओल्डम, परत.
टाकी काठोकाठ.
पंच म्हणून शेजारचे कीथ ग्रीनवुड,
तीस हिवाळे रस्त्यावर मीठ टाकणारी लॉरी हाकलेले.
लिटर भागिले चार पॉइंट पाच चार सहा,
वहीत डावीकडे जुनी, उजवीकडे नवी.

पहिला रविवार: जुनी एकोणचाळीस, नवी सदतीस.
निरंजननं चहा ओतला, बोलला काहीच नाही.
ते न बोलणं चार घरं पलीकडे ऐकू गेलं असेल.

कीथनी वही पाहिली. नवी कोणी चालवली?
मी.
पाय जड आहे तुमचा, म्हणाले.
आमच्यात याचा अर्थ काय होतो
हे बावन्नाव्या वर्षी त्यांना काय सांगू!

"ती थोडकं खाते, तुम्ही मागत नाही तोवर.
मागितलंत की लिटरभर पोटात दोन लिटरची भूक.
जुनीकडे मागून उपयोग नाही. तिच्यापाशी नसतंच."

दुसरा रविवार. बूट काढून ठेवले,
पेडलखाली अंडं असल्यासारखा पाय.
मागे एक ट्रॅक्टर, हो, ट्रॅक्टर, हॉर्न देत होता.
माळावर मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या,
इंजिन कुणाला उठवू नये अशा बेतानं गुणगुणत होतं.
एकोणपन्नास!
जुनी त्या दिवशी एक्केचाळीस.
अठ्ठावन्न अजून कुणाला दिसलेला नाही.

तिसऱ्या रविवारी गाड्या बदलल्या.
निरंजन, जो रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल पाळतो,
जो लग्नात घोड्यावर बसला नाही, पडेन म्हणाला,
लाल गाडी घेऊन एकटाच गेला.
यायला वेळ लागला नाही.

पंपावर मी भागाकार दोनदा केला.
चौतीस.
वीस वर्षांचा संसार. हा माणूस
मोकळ्या माळावर, शेजारी कुणी नसताना
कसा जातो, मला ठाऊक नव्हतं.

गालावर लाली, केस विस्कटलेले.
किती आलं? त्यानं विचारलं.
मी वही मिटली.
वारा उलटा होता रे, म्हटलं. हा धरायचा नाही.