डबा

पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा,
वरचं झाकण कापून कडा आत ठोकलेल्या.
सकाळी साडेआठला मी तो दारात धरतो
आणि बायका आपापला फोन त्यात सोडतात.
रुजाय रुमालात गुंडाळून.
सगुणा तुळसकर ठेवत नाही, टाकते.

नियम माझा नाही, मालकांचा.
मार्चमध्ये पाकळीच्या मालात टरफल गेलं,
पोतं मडगावहून वेंगुर्ल्याला परत आलं,
तेव्हापासून.

तासाभराने डबा बोलू लागतो.
पत्र्यात फोन थरथरला की
पाणी तापायच्या आधी टोपात कुर्ली हलावी
तसा आवाज.
चाळीस माना वर. चाळीस हात थांबलेले.
"माझो काय ओ?" शर्मिला विचारते.
मी वाकून बघतो. रिचार्जवाले असतात.
"नाही," म्हणतो. ती पुन्हा सोलायला लागते,
पण कान डब्यातच.

परवा जेवणाच्या सुट्टीत
रुजायने अंगठा लावला, फोन उघडेना.
झग्याला पुसून पुन्हा लावला.
राख चोळा, खोबरेल चोळा,
काजूचा चीक बावीस वर्षं खातोच आहे;
अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नाही.
"ह्येका आता मी कोण ता कळणा नाय,"
ती म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या,
आपापले अंगठे उजेडात धरून.
मग तिने नंबर दाबले.
कुवेतहून मुलाचं काही नव्हतं.
तरी वीस मिनिटं बोट वर सरकत राहिलं,
दुसऱ्या डब्यातली भाकरी आणि सुक्या बांगड्याचा तुकडा
झाकण न उघडता घरी गेला.

माझा फोन डब्यात जात नाही.
मालकांचा कॉल येतो ना.
येतो, आठवड्यातून एकदा.
बाकीचा वेळ टेबलाखाली मी काय बघतो?
कुणीतरी विहीर उपसतं.
कुणी कुत्र्याला आंघोळ घालतं.
आणि कुठलंसं एक मशीन, तासाभरात
आमच्या चाळीसजणींचा दिवस फोडून टाकणारं.
ते मी अकरा वेळा बघितलंय.
इथे कुणाला सांगितलं नाही.

माझ्या अंगठ्याच्या सगळ्या रेघा शाबूत.
टेकवला, की उघडलंच.

आज सकाळी सगुणाने फोन टाकला
आणि माझ्या हातातून डबा काढून घेऊन
माझ्यापुढेच धरला.
"तुमचो?"

मी हसलो.
मागे रांग थांबलेली, कुणी घाई करेना.
पत्रा नव्हता, नुसता पँटचा खिसा,
तरी सगळ्यांना ऐकू गेली
आत हललेली कुर्ली.