तिसरं गाणं लांबलंय

बाबांच्या कॅसेटी बसच्या डिकीतून जायच्या,
पुंता अरेनासहून पुएर्तो नातालेसला,
मेंढ्यांच्या कातड्यांच्या गठ्ठ्यांखाली
सुटं टायर आणि कुणाच्या तरी शिवणयंत्राशेजारी.
ड्रायव्हर निबाल्दो भाडं घ्यायचा नाही,
एक कॅसेट ठेवून घ्यायचा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन खणांचा रेकॉर्डर.
या खणातून त्या खणात
अकॉर्डियन रात्रभर पाझरायचं.
मला कामं दोनच: सैल फीत पेन्सिलीनं आवळायची
आणि कव्हरावर बाबांच्या मिशा काळ्या करायच्या,
कारण झेरॉक्सची शाई
मिशांपर्यंत पोचता पोचता संपायची.

गुरुवारी बस परत.
निबाल्दो इंजिन चालू ठेवूनच सांगायचा:
अकरा गेल्या. चार उधार.
शाळेतल्या बाई दुसरी बाजू लावतच नाहीत.
आणि रुपेर्तो खाटीक म्हणतो,
तिसरं गाणं लांबलंय.

बाबा हसायचे.
"खाटीकच तो. त्याला सगळंच कापावंसं वाटतं."

आता मी गाणी घरबसल्या धाडते.
निबाल्दो गेला. त्याच्या बसमध्ये कुणीतरी कोंबड्या पाळल्यात.
बोट टेकवलं की माझं अकॉर्डियन
एकाच क्षणी जगभर हजर,
आणि जगभर हजर असलेल्याला
कुणाचंच दार ठोठावता येत नाही.

महिन्याकाठी हिशेब येतो.
एक हजार चारशे बारा वेळा ऐकलं गेलं,
त्याचे झाले अर्धा किलो पावाचे पैसे.
लोणी आपापलं.

नकाशावर ठिपके:
ल्यूबेक, सेबू, मॉन्क्टन.
ही नावं मी याआधी तोंडानं उच्चारलीही नव्हती.
त्यांनी मला शोधलं असंही नाही.
कुठल्याशा यंत्रानं
छपरावरच्या पावसाचा आवाज आणि एक उदास पियानो
यांच्यामध्ये मला सरकवून बसवलं,
पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला
दोन अनोळखी काकांमध्ये बसवतात तसं.
ठिपके खाली मान घालून जेवतात.
मीठ कमी आहे, एवढंही कुणी म्हणत नाही.

तिसरं गाणं बाबांचंच आहे,
पुन्हा वाजवलेलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद.
एक सेकंदही छाटला नाही मी.
घर राहिलं नाही, जमीन नव्हतीच,
हट्ट तेवढा वारशात आला.

काल पहिल्यांदा तो दुसरा आलेख उघडला,
लोक गाण्यातून कुठे उठून जातात तो.
पहिलं गाणं पठारासारखं सपाट.
दुसरं जवळपास तसंच.
तिसऱ्यात, चौथं मिनिट सरताना,
रेघ कड्यावरून खाली.
ल्यूबेक, सेबू, मॉन्क्टन,
एकमेकांना न विचारता सगळे एकाच जागी उठले.

ती जागा मला पाठ आहे.
तिथे बाबा भाता पूर्ण उघडून थांबतात,
आमच्या चौकात वाऱ्याच्या दिवसांत दोर बांधतात
आणि माणसं तो धरून झोत ओसरायची वाट बघतात,
तसे.

मी मोठ्यानं हसले, एकटीच, रात्री दीडला.
रुपेर्तो, अरे, बरोबर होतास तू.
तुझा निरोप पोचायला चाळीस वर्षं लागली,
तोही समुद्रांना वळसा घालून आला.

मग कापायलाच बसले.
कुठून कुठवर, खूणही केली.
तेवढ्यात दिसलं, कड्याच्या पायथ्याशी
रेघ शून्याला टेकलेली नाही.
केसभर वर आहे, शेवटच्या सुरापर्यंत.
नकाशा मोठा केला.
एक ठिपका. नातालेस.

कोण असेल?
शाळेतल्या बाई? असल्या तर नव्वदीच्या.
की खाटकाची नात,
आजोबा कुरकुरायचे ते खरं होतं का
हे घड्याळ लावून बघतेय?

खूण पुसली.
पुढच्या महिन्यात पुन्हा बघेन,
बसलीये की गेली.