पेच

मुलीने तिकिटं काढली. म्हणाली, बाबा,
तेवीस वर्षं मुहर्रकमध्ये काढलीत,
कधीतरी नुसतं बघायला म्हणून कुठे जा.
गेलो. मे महिन्यात, हंगेरीला,
मी, हेमलता आणि तिच्या मेथीच्या दशम्या,
ज्यांची विमानतळावर कुणी चौकशी केली नाही.

एगरमध्ये एक मिनार आहे. नुसता मिनार.
मशीद कधीच पाडली. मिनार पाडायला
म्हणे चारशे बैल जुंपले होते.
दोर तुटले, बैल दमले, तो हलला नाही.
इल्दिको ही गोष्ट सांगताना हसली,
रोज सांगत असणार, तरी हसली.
मी बैलांपाशीच अडकलो होतो.
संध्याकाळी वैरण कुणी घातली त्यांना?

सत्त्याण्णव पायऱ्या. दोन्ही खांदे दगडाला घासतात.
वरून उतरणारा आणि खालून चढणारा
यांच्यातल्या एकाला माघार घ्यावी लागते.
वर पोचलो तेव्हा बारा वाजत होते
आणि चहूकडून घंटा सुरू झाल्या.
दुपारची बांग ऐकून
घड्याळ न बघता डबा उघडणारा माणूस मी,
मिनारावर उभा, आणि कानात घंटा.
भूक मात्र लागली. वेळेवर.

पुढचं गाव पेच. हो, नावच पेच.
हेमलता म्हणाली, निदान खरं तरी बोलतात.
चौकात घुमट. पाशाने बांधलेली मशीद, आता चर्च.
टोकावर चंद्रकोर, कोरीवर क्रूस,
गोविंदांसारखे एकमेकांच्या खांद्यावर,
फक्त वर हंडी नाही.
आत भिंतीवर अरबी अक्षरं,
जी मला लावता येतात, समजत नाहीत.
दुकानांच्या पाट्यांवर शिकलोय मी अरबी:
कोल्ड स्टोअर, लाँड्री, खोली भाड्याने देणे.
सगळे माना वर करून घुमट बघत होते.
मीही वर बघत होतो,
हवा खेळवायला यांनी जाळी कुठे लपवली असेल.
सापडली. खांबामागे. काम सुबक होतं.

क्योसेगला घंटा अकरालाही वाजते,
कारण वेढा घालून बसलेली फौज
अकराला उठून गेली. पाचशे वर्षं होत आली.
नको असलेला पाहुणा गेल्याची वेळ
गावाने एवढी जपली!
आमची जायची तारीख कार्डावर छापलेली असते,
दर दोन वर्षांनी पुढे ढकलतात.
घंटेचं काही ठरलेलं नाही.

एगरच्या वहीत, देशाच्या रकान्यात,
मी मुहर्रक लिहून बसलो होतो.
इल्दिको म्हणाली, हा देश नाही.
म्हटलं, ठाऊक आहे.

परत आल्यावर शनिवारी
मागच्या गल्लीतल्या मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी गेलो.
नऊ वर्षांपूर्वी या घराच्या छतात
एसीचे डक्ट मीच टाकले,
पण तेव्हा शिडी घेऊन, मागच्या दाराने.
पुढचं दार आज पाहिलं.
साग. मलबारचा, रखवालदार म्हणाला,
गलबतातून आलेला.
मोती गेले मुंबईला, साग आला इकडे,
आणि पुष्कळ नंतर मी,
कुणी ऑर्डर दिली होती ते आता आठवत नाही.

खालच्या खोलीत चुन्याची जाळी,
तिच्यातून उन्हाचे तुकडे फरशीवर.
हेमलताने चप्पल काढून
एका तुकड्यावर पाय ठेवला, गरम आहे म्हणाली,
तरी काढला नाही.
वर चढून झरोक्यातून पाहिलं, तर
आमच्या गच्चीवर वाळत घातलेला माझा शर्ट.
इतक्या लांबून
कुणा दुसऱ्याचा वाटावा इतका बरा दिसत होता.

निघताना दिलबहादुरने वही पुढे केली.
कुठून आलात, सर?
पेन हातात धरून जरा थांबलो,
मग लिहिलं, मागची गल्ली.
त्याने वाचता येत नसूनही मान डोलावली.

डोक्यावर, तिसऱ्या वाशापाशी,
माझाच डक्ट बारीक खडखडत होता.
उद्या कुणाला तरी पाठवायला हवं.