सहा फ्रेमांची मुभा

वर्गातलं सगळ्यात म्हातारं पोर मी.
वय एकेचाळीस, बोटं आठ.
उरलेली दोन कागदाच्या गिरणीत राहिली,
रिळं कापायच्या यंत्रापाशी, एका मंगळवारी.
पुढं गिरणीही राहिली नाही.

शेजारच्या खुर्चीवर साइमी, एकोणीस वर्षांची.
पहिल्याच दिवशी तिनं माझी बोटं मोजली, न लाजता,
आणि म्हणाली, "ओइवा, आठ बिटांचा एक बाइट होतो.
तू पुरता आहेस."

दुपारी दोनला इथं दिवस मावळतो.
खिडकीबाहेर नदीवर बर्फाची साय धरते
आणि मी एका चौकोनाला उडी मारायला शिकवतो.
चौकोनच. चेहरा नाही, टोपी नाही.
आमच्या तार्याबाई म्हणतात, "आधी उडी.
उडीच जमली नाही, तर टोपी कुणाला दाखवणार?"

तीन आठवडे उडीच चाललीय.
गुरुत्वाकर्षण हा नुसता एक आकडा असतो,
हे शाळेत कुणी बोललं नव्हतं.
कमी केला की चौकोन म्हातारीच्या कापसासारखा तरंगतो,
वाढवला की ओल्या पोत्यासारखा आपटतो.
मधे कुठंतरी, दशांशचिन्हाच्या पार उजवीकडं,
एक पोर आहे
डबकं ओलांडणारं.
ते अजून सापडायचंय.

रात्री स्वयंपाकघरात
बटाट्याच्या पिठाची पुरचुंडी माइकपाशी दाबतो.
करकर, करकर.
बर्फात चालल्याचा आवाज असा काढतात.
दाराबाहेर कमरेएवढा खरा बर्फ पडलाय,
पण माझ्या माइकला तो खोटा वाटतो.
रीत्ता ओट्यावरचा पिठाचा सडा बघते, कॉफी ओतते,
विचारते, "यातून नोकरी मिळेल?"
"माहीत नाही."
करकर.

जाहिरातीत मागतात तीन वर्षांचा अनुभव.
माझ्यापाशी अठरा वर्षांचा आहे,
कागदाचा.
अर्जात तो कुठल्या रकान्यात भरायचा?

फेब्रुवारीत साइमीनं तो प्रकार दाखवला.
"तुझा चौकोन कड्यावरून पडतो
आणि खेळणारा चिडतो," ती म्हणाली.
"बटण तर त्यानं दाबलेलं असतं. जरासं उशिरा.
जमीन संपली की सहा फ्रेम थांब,
सेकंदाचा दहावा हिस्सा.
पाय हवेत असले तरी
जमिनीवर आहेत असंच धर.
तेवढ्यात दाबलं, तर उडू दे बिचाऱ्याला."

"ही तर लबाडी झाली."
"झाली," ती म्हणाली, खारट ज्येष्ठमधाची गोळी
या गालातून त्या गालात सारत.
"सगळेच करतात. बोलत कुणी नाही."

मी ती ओळ लिहिली.
एकच ओळ, अर्धविरामासकट.
मग बराच वेळ
की-बोर्डवर हात तसेच ठेवून बसलो.

त्या मंगळवारी मी हात मागं घेतला होता.
घेतला होता.
जरासा उशिरा.
चौकशीच्या कागदावर लिहिलंय: कामगाराची चूक.
तो कागदही आमच्याच गिरणीचा असणार, गुळगुळीत होता.
यंत्र चोख होतं, त्याच्यावर माझा राग नाही.
थांब म्हणून त्याच्यात
कुणी लिहिलंच नव्हतं.

एप्रिलात अकरा ठिकाणी काम पाठवलं,
हेलसिंकीला, औलूला, एक स्वीडनलाही.
दोन नकार आले, गोड भाषेत.
बाकीचे अजून विचार करत असावेत,
किंवा नसावेत.

खालच्या मजल्यावरचा वेइक्को, सात वर्षांचा,
जिन्यात बसून माझा गेम खेळतो.
बर्फाचे जोडे निथळतायत, नाक वाहतंय.
एक कडा, दुसरा कडा, मग तो मोठा.
माझ्या लॅपटॉपवर बाजूला आकडे पळत असतात:
चारदा त्याला उशीर झाला होता.

"सोप्पाय," तो म्हणाला, मान वर न करता.
"मी कधी पडतच नाही."

"दिसतंय की," मी म्हणालो.